तहहयात राहण्याचा हक्क

पनवेलचा फ्लॅट विकल्यावर मला एक विचित्र सवय लागली. मस्कतमध्ये जिथे जाईन तिथे, घर नसलेल्या बाईला इथे किती वेळ बसू देतील, याचा मी अंदाज घ्यायचे. रुवीच्या बसस्टँडवर बाकं आहेत, पण दुपारी तिथे बसवत नाही. दवाखान्यात एसी असतो, पण तासाभराने नर्स येऊन कुणासाठी आलात म्हणून विचारते. आमच्या वादी अदाईच्या बिल्डिंगखालचं सुपरमार्केट गार असतं, पण तिथे टेकायला काही नाही. डोक्यावर छप्पर असताना हे चाळे चालू होते, म्हणून स्वतःचं हसूही यायचं. पण ते छप्पर कंपनीचं होतं. नवऱ्याची नोकरी होती तोवर ते आमचं, आणि नोकरीचे आता थोडेच महिने उरले होते.

नवरा एसी दुरुस्तीतला माणूस. पहिली काही वर्षं त्याने निझव्यात काढली, मग मस्कतला आला, सुपरवायझर झाला. साठी आली आणि कंपनीने कळवलं, यापुढे कॉन्ट्रॅक्ट नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं की बताका जातो. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. तो गेला की फ्लॅट जातो, आणि नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी बायकोही जाते. याबद्दल माझी तक्रार नाही. येतानाच ठाऊक होतं की आपण इथे पाहुणे. पण ठाऊक असणं वेगळं आणि तारखेसकट कागद हातात पडणं वेगळं.

आमची एकुलती एक मुलगी स्पेनमध्ये, वालेन्सियाला असते. शिकायला गेली, नोकरी लागली, तिथलीच झाली. ती म्हणाली, "तुम्ही दोघं इकडे या. इंडियात एकटे काय करणार?" तिला समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत एक फ्लॅट मिळत होता. किंमत ऐकून नवऱ्याने मला दोनदा विचारलं, नीट ऐकलंस ना? तिच्याजवळचं आणि पनवेलचा फ्लॅट विकून येईल ते, एवढ्यात ते बसत होतं. म्हणून आम्ही विकला. भाजी घ्यायला मी जितका विचार करते तितकाही केला नाही. आता जगाच्या पाठीवर आम्हा दोघांच्या नावाची एक खोलीही उरली नव्हती. नवऱ्याच्या गावच्या घरात चार भावांचे संसार आहेत. तिथे गणपतीत आमची सोय होते, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून जावा भांडी जरा जोरात ठेवू लागतात.

स्पेनच्या घराचे कागद बघायचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याने हौसेने दिलं आणि मी त्याहून हौसेने घेतलं. माझे वडील बाँडरायटर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून ते लोकांचे दस्त लिहायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायचे, आणि लिहून झालेला दस्त मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं असायचं. सदरहू मिळकत, चतुःसीमा, निर्वेध व बोजारहित. इतर मुली गाणी पाठ करायच्या, मी खरेदीखतं करायचे. त्यामुळे कागद म्हटला की माझं नाक जरा वर जातं.

मी एक वही केली. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे आपला. आर्रास म्हणजे इसार. एस्क्रितुरा म्हणजे खरेदीखत, आणि ते ज्याच्यासमोर होतं तो अधिकारी नोतारियो. कार्गास म्हणजे बोजा. पोदेर म्हणजे कुलमुखत्यारपत्र, ज्याने आखातातल्या निम्म्या कोकण्यांच्या जमिनी त्यांच्या भावांच्या घशात घातल्या, ते. आणि नोता सिंप्ले नावाचा त्यांचा एक उतारा असतो. मिळकत कोणती, मालक कोण, बोजा किती, सगळं एका ठिकाणी. म्हणजे सातबाराच की! मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला म्हटलं, "स्पेन काय आणि आपला तालुका काय, कागद सगळीकडे एकच भाषा बोलतो." हे वाक्य मी पुढे बरेच दिवस अभिमानाने लोकांना ऐकवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मात्र कुणी मला ऐकवलं नाही.

फ्लॅटचा उतारा मुलीने फोनवर पाठवला. मी आधी बोजा पाहिला. काही नव्हता. कर्ज नाही, जप्ती नाही. मग मालकाचा रकाना पाहिला. तिथे दोन नावं होती, एक विकणाऱ्या माणसाचं आणि एक त्याच्या आईचं. दोघांच्या नावापुढे काहीतरी लिहिलं होतं. मुलाच्या नावापुढे नुदा प्रोपिएदाद. फोनने त्याचं मराठी "नग्न मालमत्ता" असं केलं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. आईच्या नावापुढे उसुफ्रुक्तो. ते फोनला धड जमलं नाही, "फळांचा उपभोग" असं काहीसं आलं. मी म्हटलं, आवारात झाड असेल एखादं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला झाड कुठून, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच, कारण ती दोन नावं बघून मला सगळं कळलं होतं. आपल्याकडे बाप गेला की वारसनोंद होते आणि मुलाबरोबर आईचं नाव चढतं. त्यात विशेष काही नसतं. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली तीन माणसं केव्हाच वर गेलेली आहेत. विक्रीच्या वेळी म्हातारीला रिक्षात घालून आणतात, कुणीतरी तिचा अंगठा धरून उमटवतं, तिला चहा पाजतात आणि परत नेतात. म्हातारीच्या नावाला कुणी घाबरत नाही.

मुलीने त्याच आठवड्यात फोन केला होता. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, तिचं मराठी थांबत थांबत येतं. "आई, पेपरमध्ये त्याची आई पण आहे. ती तिथेच राहते. तुला चालेल ना?"

"अगं, आईचं नाव असतंच," मी म्हटलं. "म्हातारी आहे तर असू दे. तू पुढे हो."

"शुअर?"

"माझे वडील बाँडरायटर होते."

ती पुढे झाली. इसार दिला, सही केली.

ते आर्रासचं कलम मी वहीत लाल पेनाने लिहिलं होतं. घेणारा फिरला तर इसार बुडाला. देणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. आपल्याकडे इसारावरून वाद झाला की गावातली चार वडीलधारी बसतात, एकमेकांच्या आजोबांची आठवण काढतात आणि काहीतरी मधलं निघतं. इथे मधलं काही नव्हतं. तेव्हा ते कलम मला फार आवडलं होतं, कारण फिरायचा प्रश्नच आमच्या डोक्यात नव्हता.

त्यानंतर व्हिसाची तयारी सुरू झाली. लग्नाच्या दाखल्याचं स्पॅनिश भाषांतर लागणार होतं, म्हणून मी रुवीतल्या एका भाषांतराच्या ऑफिसात गेले. तिथे स्पॅनिश बघणारी बाई मोरोक्कोची होती. तिच्या गावाकडे घराघरात स्पॅनिश चालतं म्हणे. माझ्यापेक्षा थोडी लहान, चष्मा साखळीला अडकवलेला. ती इंग्रजीत अरबी मिसळून बोलायची, मी इंग्रजीत हिंदी मिसळून, आणि आमचं छान जमलं. दाखला झाल्यावर मी पर्समधून घराचे कागद काढले. राहायच्या जागेचा पुरावा म्हणून हेही जोडू का, एवढंच विचारायचं होतं. खरं सांगायचं तर थोडं दाखवायचंही होतं.

तिने करारनामा वाचला, उतारा वाचला, पुन्हा करारनाम्यावर आली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, यू विल लिव्ह हिअर?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"नो इन्शाल्ला." तिने उताऱ्यावरच्या दुसऱ्या नावाखाली बोट ठेवलं. "मामा कबीरा लिव्ह हिअर." मामा कबीरा म्हणजे म्हातारी आई.

मी म्हटलं, हो, आता राहते, विकल्यावर मुलाकडे जाईल. तिने मान हलवली. मग लहान मुलाला शिकवावं तसं एका कोऱ्या कागदावर तिने चौकोन काढला आणि मधे आडवी रेघ मारली. खालच्या भागात लिहिलं सन, वरच्या भागात लिहिलं मामा. मुलगा विकतोय तो खालचा भाग, भिंतींची मालकी. त्यात राहायचा हक्क वरचा, तो आईचा. तो विकला जात नाहीये. खरेदीखत झाल्यावरही ती तिथेच राहणार, आणि तिला कुणी उठवू शकणार नाही. तुमच्या मुलीने खालचा भाग घेतलाय.

"हाऊ लाँग?" मी विचारलं.

"अन्टिल शी इज खलास."

तहहयात. तो शब्द माझ्या डोक्यात आपोआप आला. वडिलांच्या दस्तांत तो असायचा. थोरल्या भावाच्या विधवेला अन्नवस्त्र व सदरहू घरात तहहयात राहण्याचा हक्क. मीच तर मोठ्याने वाचायचे, हुंदका न काढता, न अडखळता. अशा एखाद्या ओळीचा तुकडा असला की त्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर निम्म्या किमतीत, हेही मी तिथेच ऐकलं होतं. सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी मुलीला पुढे हो म्हटलं होतं.

मी त्या बाईला विचारलं, आता फिरता येईल का? मी लाल पेनाने लिहिलेलं तेच कलम तिने मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, कागद चांगला आहे, स्वच्छ आहे, कुणी काही लपवलेलं नाही. ते ऐकून मला जास्त भीती वाटली. फसवणूक असती तर कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. इथे फसवणारी मीच होते, आणि फसलेलीही मीच.

बाहेर आले. रस्ता ओलांडून सावलीत उभी राहिले. वादी अदाईची टॅक्सी समोर थांबली, ड्रायव्हरने हाक मारली, "यल्ला, मामा," आणि मी हललेच नाही. तो निघून गेला. दुसरीत बसले. शेजारच्या बाईने विचारलं बरं वाटत नाही का, तर मी सांगितलं, ऊन लागलं.

चार दिवस मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? की तुमचं पनवेल मी एका म्हातारीच्या वहिवाटीत घातलं? तो माणूस इतका खुशीत होता की माझ्याने बघवत नव्हतं. तो घरातल्या वस्तू वाटत सुटला होता. शुक्रवारी त्याच्या साइटवरची आपल्याकडची माणसं आली. एकाने मिक्सर नेला, एकाने इस्त्री, दाभोळकडचा एक ड्रायव्हर भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला. नवरा प्रत्येकाला सांगत होता, "पोरीनं घर घेतलान. समुद्राच्या बाजूला. आता आपला कायमचा बरा झाला." इतकी वर्षं मस्कतला काढूनही तो घरात आणि आपल्या माणसांत गावचीच बोली बोलतो. मी चहा देत होते. प्रत्येक वस्तूबरोबर मी दारापर्यंत जायचे. थांबा, नेऊ नका, असं ओरडावंसं वाटायचं. घड्याळाच्या जागी भिंतीवर पांढरा गोल राहिला, आणि वेळ बघायला मी त्याच्याकडेच बघत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी देवाजवळ दिवा लावला आणि सवयीने म्हणाले, घराचं सगळं नीट होऊ दे. म्हटलं आणि थबकले. घराचं नीट होऊ दे म्हणजे काय होऊ दे? त्या म्हाताऱ्या बाईचं काय होऊ दे? माझे जोडलेले हात मी तसेच खाली घेतले. त्या सकाळी मला स्वतःची जेवढी भीती वाटली तेवढी बताका जाण्याचीही वाटली नव्हती.

मग मी मुलीला फोन केला. ती जेवणाच्या सुट्टीत होती. मी एका दमात सगळं सांगितलं, चौकोन, रेघ, वरचा भाग, खालचा भाग. संपल्यावर ती म्हणाली, "आई, आय नो."

"काय नो?"

"मला माहीत होतं. म्हणूनच तर चीप आहे. मी तुला विचारलं होतं ना, त्याची आई आहे, तिथेच राहते, चालेल का? तू म्हणालीस, म्हातारी आहे तर असू दे. मला वाटलं, तू पेपर वाचलास. तू नेहमी सांगतेस ना, तुझे बाबा..."

"पुरे," मी म्हटलं.

"ती एटी-सिक्स आहे, आई." हे ती हळू आवाजात म्हणाली, आणि लगेच पुढचं जोरात. "तोपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर. मी रेंटवर राहतेच आहे. मी काय तुम्हाला रस्त्यावर ठेवणार आहे?"

नाही ठेवणार. माझी मुलगी चांगली आहे, हे मी तिची आई म्हणून सांगत नाही. पण "ठेवणार" हा शब्द ऐकला आणि माझं धाबं दणाणलं. पनवेलला आम्हाला कुणी ठेवलेलं नव्हतं. आम्ही होतो.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा त्याला सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. मला वाटलं ओरडेल. त्याने आमटीचा भुरका घेतला आणि विचारलं, "म्हातारी कितीची हाय?" वय सांगितलं. त्याने मनात काहीतरी हिशेब केला आणि लगेच ताटाकडे बघायला लागला. तो लाजला की त्याचे कान हलतात, ते हलले. "आपला पोरीकडं ऱ्हायचा, बस," तो म्हणाला. "ती काय परकी हाय? तू उगाच घाबरतेस." मग त्याने भात मागितला. आमच्या घरातला कठीण विषय नेहमी भाताजवळ संपतो.

फिरायचं नाही असं ठरलं. इसार बुडवण्यापेक्षा भिंती तरी घेऊ. खरेदीखताची तारीख जवळ आली तेव्हा मी मुलीला म्हटलं, एकदा त्या बाईंना भेटून ये. आपण तिच्या घराचे मालक होणार आणि तिला तोंडही दाखवलं नाही, हे बरं दिसत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नको. ती केक घेऊन गेली आणि तिथून आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. शनिवार होता, नवरा घरी होता. आम्ही दोघं फोन डब्याला टेकवून बसलो.

म्हातारी टेबलाशी बसली होती. बारीक, कानात मोत्याची कुडी, केस नीट बसवलेले. टेबलावर प्लॅस्टिकचं कापड होतं, आमच्याकडे आहे तसलंच. मी हात जोडले. तिने मान झुकवली. मग मी, आपण कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला पहिलं विचारतो तेच विचारलं. "तब्येत कशी आहे, विचार ना."

मुलगी म्हणाली, "आई, ते नको."

"का? विचार की."

म्हातारीने मुलीला काहीतरी विचारलं. आई काय म्हणते, असंच असणार. मुलीने नाइलाजाने सांगितलं. म्हातारीचं हसू तिथेच थांबलं. तिने पाठ सरळ केली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि फोनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत सावकाश एक वाक्य बोलली.

"ती म्हणते, तिची तब्येत उत्तम आहे," मुलगी म्हणाली. "तिची आई नाइन्टी-सेव्हनपर्यंत होती."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मला भीत होती. आयुष्यात मला कुणी भ्यालं असेल असं मला आठवत नाही, शाळेत शिकवत होते तेव्हा मुलंसुद्धा नाही. मी घाईघाईने म्हटलं, "तिला सांग, आम्हाला काही घाई नाही. तिला सांग, शंभर वर्षं जग." मुलीने सांगितलं. त्याने काही सुधारलं असं वाटलं नाही. घाई नाही असं म्हणणारे आम्हीच पहिले नसू.

थोडा वेळ केक खाण्यात गेला. मग म्हातारीने आमच्याबद्दल विचारलं. आम्ही कुठे असतो, कुठे जाणार. मुलगी स्पॅनिशमध्ये सांगत गेली आणि मधे मधे आम्हाला मराठीत. की इकडची नोकरी संपली. की आईबाबांनी तिकडचं घर विकलं, त्यातून हे घेतोय. म्हातारी ऐकत होती. तिने काहीतरी विचारलं, मुलीने उत्तर दिलं. तिने आणखी काहीतरी विचारलं, आणि मुलगी हसली. म्हातारी हसली नव्हती, ते बघून तीही थांबली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांग."

"ती विचारते, घर कुणाच्या नावावर होणार. मी म्हटलं, माझ्या. मग ती विचारते..." मुलीने केकच्या बशीकडे बघितलं. "तुझ्या आईकडे कुठला पेपर आहे?"

शेजारी नवरा खाकरला. मी म्हटलं, "तिला सांग, आमच्यात पोटच्या पोरीकडून कागद घेत नाहीत."

मुलीने सांगितलं. म्हातारीने मान डोलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं, आणि मग बराच वेळ बोलली. मुलीने सगळं नाही सांगितलं, एवढंच सांगितलं: त्यांच्यातही मागत नाहीत. तिनेही मागितला नसता. नवऱ्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, मुलगा चांगला असतानाच. मुलगा अजूनही चांगला आहे. रविवारी येतो. पण घर विकायचं त्याने ठरवलं, तेव्हा तिला सांगितलं, विचारलं नाही.

मुलीने फोन जरा जवळ घेतला. तिचा चेहरा मोठा झाला. तिने अगदी हळू, नीट मराठीत विचारलं, "आई, तुला हवंय का?"

तोंडावर "छे गं" आलं होतं. माझी आई तेच म्हणाली असती, सासू तेच म्हणाली असती, मी जन्मभर प्रत्येक गोष्टीला तेच म्हणत आले, नवी साडी असो की शेवटची पोळी.

"हो," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. राग नव्हता. मी तिच्या लहानपणी एकदा तिचं दप्तर तपासलं होतं, तिने काही घेतलं नसताना. तेव्हा ती अशी बघत होती. "ओके," ती म्हणाली. "मी नोतारियोला विचारते. तुझं नाव पण घालता येईल." मग तिने म्हातारीला सांगितलं की आता निघते, आणि आमचा फोन बंद झाला. नेहमी ठेवताना ती "चल, बाय आई" म्हणते.

मी फोन उचलला आणि पालथा ठेवला. माझं काहीतरी चुकलं होतं आणि ते परत घेता येणार नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. नवरा माझ्याकडे बघत होता. आता बोलेल, मी समजले. एवढ्या दिवसांत तीन वेळा त्याने मला समजावलं होतं की पोरगी परकी नाही.

"पोटच्या पोरीचा भ्या वाटतो तुला?" तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "वाटतं."

तो उठला, खिडकीपाशी गेला. तिथे बघण्यासारखं काही नाही, समोर डोंगराचा काळा कडा आणि खाली उभ्या गाड्या. तो बराच वेळ तिथे उभा होता. सुपरवायझर झाल्यापासून त्याला पोट सुटलंय, पण पाठीमागून तो मला त्या वेळी अगदी बारीक वाटला.

"अगो," तो तिकडेच तोंड करून म्हणाला, "परत फोन लाव तिला. माजा पन नाव घाल म्हनावा."